दहावीचं इंग्रजी : तीन पुस्तकं, तीन पहिली पानं

जून महिना, पहिला पाऊस, आणि तरीही जेसल पार्कच्या या सभागृहात एवढे लोक आले, याचा आनंद आहे.

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर नाटक. शाळेच्या पुस्तकाची समीक्षा कुणी करत नाही. त्याच्याबद्दल तक्रार होते, वाद होतो, वर्तमानपत्रात पत्रं येतात, पण एखाद्या साहित्यकृतीसारखं ते उघडून ‘याची सुरुवात कशी आहे, ती वाचकाकडून काय मागते’ असं विचारलं जात नाही. आपल्या राज्यात दरवर्षी साधारण १५ ते १६ लाख मुलं दहावीच्या परीक्षेला बसतात. एवढा वाचकवर्ग मराठीतल्या कुठल्या लेखकाच्या वाट्याला आला आहे? म्हणून आज आम्ही ठरवलं आहे की दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकांचं फक्त पहिलं पान वाचायचं. वर्ष सुरू होताना वर्गात जे पान उघडलं जातं, तेवढंच.

पुस्तकं अनेकवचनी म्हटली, त्याचं कारण तुमच्याच इमारतीत आहे. एकाच जिन्यावर राहणारी तीन मुलं दहावीत असतात. एक इंग्रजी माध्यमाच्या स्टेट बोर्डाच्या शाळेत जातं. दुसरं सीबीएसईला. तिसरं मराठी माध्यमाला. तिघं खाली एकत्र क्रिकेट खेळतात, खाडीकडच्या चौपाटीवर एकत्र फिरतात, पण तिघांच्या दप्तरात इंग्रजीची तीन वेगळी पुस्तकं असतात. पहिल्याकडे ‘इंग्लिश कुमारभारती’, म्हणजे इंग्रजी ही प्रथम भाषा. तिसऱ्याकडे ‘माय इंग्लिश कोर्सबुक’, म्हणजे इंग्रजी ही तृतीय भाषा. ही दोन्ही बालभारतीची, २०१८ साली आलेली. आणि मधल्याकडे एनसीईआरटीचं ‘फर्स्ट फ्लाइट’, ते २००७ पासूनचं. आयसीएसईची मुलंही असतील तुमच्याकडे, पण आज तीनच पुरेत.

इथे बसलेल्या जुन्या मंडळींना ‘हायर इंग्लिश’ आणि ‘लोअर इंग्लिश’ हे शब्द आठवत असतील. शब्द मागे पडले, उतरंड राहिली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून ‘ऑनर्स इंग्लिश’ हा शब्द ऐकू येतो. तिथल्या हायस्कुलात जमणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीचा एक वरचा वर्ग असतो. पुष्कळ ठिकाणी या वर्गाला सुट्टीत एखादं पुस्तक नेमून दिलेलं असतं आणि वर्ष सुरू होतं ते त्या पुस्तकावर बोलून, लिहून. आपल्याकडे असा वर्ग नाही. पण ‘प्रथम भाषा’ नावाचं पुस्तक ज्याच्या हातात पडतं, तो मनातून स्वतःला वरच्या वर्गातलाच समजतो. त्याचे आईबाबा तर नक्कीच समजतात. (हशा) मग प्रश्न असा, की त्या वरच्या वर्गाची सुरुवात खरंच वरची आहे का?

आता पानं उघडू.

कुमारभारतीचा पहिला पाठ म्हणजे ‘अ टीनेजर्स प्रेअर’ ही जे. मोर्स यांची कविता. फर्स्ट फ्लाइटचा पहिला धडा म्हणजे ‘अ लेटर टू गॉड’ ही मेक्सिकोचे लेखक ग्रेगोरियो लोपेझ इ फुएंतेस यांची गोष्ट, मूळ स्पॅनिश. आणि कोर्सबुकचा पहिला पाठ म्हणजे रवींद्रनाथ टागोरांची ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’. गंमत लक्षात आली का? एक प्रार्थना, एक देवाला पत्र, आणि तिसरीही प्रार्थनाच. दोन वेगवेगळ्या मंडळांची तीन पुस्तकं, आणि तिन्ही देवाशी बोलून सुरू होतात. कुणी ठरवून केलं असेल असं नाही. पण समीक्षकाला यापेक्षा सोयीची गोष्ट नाही. प्रकार एकच असला की फरक स्वच्छ दिसतो.

पहिल्या कवितेत एक किशोर बोलतो. रोज नवी सुरुवात असते, निर्णय माझे मलाच घ्यायचे आहेत, असं तो म्हणतो. पुढे दोन रस्ते आहेत. एक मोठ्या यशाकडे नेतो, दुसरा अंधारा, दुःखाकडे नेणारा. देवा, माझे डोळे उघड, मोहाला नाही म्हणायचं बळ दे, शरीर स्वच्छ आणि धडधाकट राहू दे. शेवटी, तू सोबत असशील तर आयुष्य उत्तम जगता येतं, असा विश्वास. भावना चांगली आहे. पंधरा वर्षांच्या मुलाभोवती काय काय असतं ते आपण जाणतो, त्यामुळे ‘नाही’ म्हणायचं बळ मागणं चुकीचं नाही. आमचा आक्षेप भावनेवर नाही, रस्त्यांवर आहे. ज्या दोन रस्त्यांपैकी एकावर आधीच ‘यश’ आणि दुसऱ्यावर ‘दुःख’ अशी पाटी लावलेली आहे, तिथे निवड करायला उरतं काय? कविता म्हणते की निवडणारा मी एकटा आहे. प्रत्यक्षात कवीने त्याच्यासाठी निवडून ठेवलेलं आहे. वाचणाऱ्या मुलासाठीही.

शेजारच्या सीबीएसईच्या मुलाने नववीत, ‘बीहाइव्ह’ या पुस्तकात पहिलीच कविता वाचलेली असते ती रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’. त्यातही दोनच रस्ते. पण ते दोन्ही जवळजवळ सारखेच तुडवलेले आहेत, असं कवी स्वतः सांगतो. निवड त्यामुळेच अवघड. आणि पुढे कधीतरी, म्हातारपणी, आपण सुस्कारा टाकून सांगू की त्या निवडीने सगळं बदललं. हा सुस्कारा समाधानाचा की खंतीचा, की ती सगळी गोष्टच आपण मागाहून रचलेली? १९१६ साली संग्रहात आलेल्या या कवितेवर लोक अजून भांडतात. दोन्ही कवितांमध्ये रस्ते दोनच, शब्दही फारसे अवघड नाहीत. फरक एवढाच की एका कवितेत वाचकाला बसायला जागा ठेवली आहे आणि दुसरीत दार लावून घेतलं आहे.

आता देवाला लिहिलेलं पत्र. लेंचो नावाचा शेतकरी. टेकडीवर एकटं घर, खाली उभं पीक, नजर आभाळाकडे. पाऊस येतो तेव्हा तो खूश होऊन थेंबांना नवी नाणी म्हणतो. मग गारा पडू लागतात आणि पीक भुईसपाट होतं. महाराष्ट्रातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे जी गारपीट झाली, तिने रब्बीची उभी पिकं आणि फळबागा किती जिल्ह्यांत झोडपल्या, ते घराघरांत माहीत आहे. भाईंदरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कित्येकांची शेती अजून गावी आहे.

लेंचो देवाला पत्र लिहितो. शंभर पेसो पाठव, नाहीतर माझी मुलंबाळं उपाशी राहतील. पोस्टमास्तर पत्ता वाचून आधी हसतो, मग गंभीर होतो. या माणसाचा विश्वास मोडू नये म्हणून स्वतःच्या पगारातून आणि मित्रांकडून पैसे जमवतो. सत्तर जमतात. लेंचोला पैसे मिळाल्याचं नवल वाटत नाही, देवाने पाठवले म्हणजे येणारच. पण मोजतो आणि चिडतो. लगेच दुसरं पत्र लिहितो. उरलेले तीस पाठव, पण टपालाने नको, कारण या टपाल कचेरीतली माणसं चोर आहेत!

गोष्ट संपते आणि वर्गात बोलणं सुरू व्हायला हवं. लेंचो भाबडा की कृतघ्न? पोस्टमास्तरने फसवलं की वाचवलं? देवाने मदत केली की नाही? केली असेल तर कोणाच्या हातांनी? यातल्या एकाही प्रश्नाला गाइडमध्ये दोन ओळींत उत्तर देता येत नाही. आणि वाक्यं किती सोपी! एक शेतकरी, एक पोस्टमास्तर, काही नाणी. बस्स.

मराठी मुलाला तर या पत्राचा सूर ओळखीचा वाटायला हवा. शाळा उघडते आणि वारी निघते ते दिवस जवळपास एकच. ज्या विठ्ठलाला भेटायला माणसं चालत जातात, त्याच विठ्ठलाला जनाबाईने शिव्या घातल्या, नामदेव त्याच्यावर रुसले, तुकारामांनी त्याच्याशी हिशेब मांडले. देवाकडे बाकी मागणं, त्याला जाब विचारणं हे आपल्या भक्तीत बसतं. लेंचो मेक्सिकोचा असला तरी पंढरपूरच्या वाटेवर खपून जाईल. इंग्रजीच्या तासाला हे कुणी म्हणालं, तर इंग्रजी परकी राहत नाही.

तिसरं पान. टागोरांची कविता. मूळ बंगाली कविता १९०१ च्या ‘नैवेद्य’मधली, इंग्रजी रूप १९१२ च्या ‘गीतांजली’मधलं, १९१३ ला नोबेल. ही प्रार्थना स्वतःच्या यशासाठी नाही, देशासाठी आहे. आणि देवाकडे मागितलं आहे काय? निर्भय मन, मोकळं ज्ञान, भिंतींनी तुकडे न झालेलं जग, आणि मेलेल्या सवयींच्या वाळवंटात जिचा प्रवाह जिरून गेला नाही अशी बुद्धी. ‘मला चांगला मुलगा कर’ आणि ‘माझ्या देशाला विचार करणारा कर’ या दोन मागण्यांमधलं अंतर मोजून बघा.

या कवितेची बांधणीही बघण्यासारखी आहे. ‘व्हेअर’, ‘व्हेअर’ म्हणत एकामागून एक पोटवाक्यं येतात. मुख्य क्रियापद अगदी शेवटी येतं. इंग्रजी वाचकाला तोवर श्वास रोखून धरावा लागतो. मराठी मुलाला मात्र हे घरचं आहे. ‘जिथे अमुक, जिथे तमुक, तिथे...’ हे आपण रोज बोलतो, क्रियापदाची वाट बघायची आपल्याला सवयच आहे. मराठी माध्यमाचा मुलगा इथे कमी पडत नाही, उलट एक पाऊल पुढे असतो. हे त्याला पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं, तर त्याचं वर्ष वेगळं जाईल.

आता तिन्ही पानं शेजारी ठेवा. ज्याला आपण ‘खालचं’ इंग्रजी म्हणतो, त्या तृतीय भाषेच्या पुस्तकाने मुलाच्या हातात गीतांजली दिली. ज्याला ‘वरचं’ म्हणतो, त्या प्रथम भाषेच्या पुस्तकाने सदुपदेश दिला. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. वर्ग वरचा आहे की खालचा, हे शब्द किती अवघड त्यावर ठरत नाही. पहिल्या दिवशी मुलाला विचार करायला किती जागा दिली, त्यावर ठरतं. आणि या मोजमापाने आपली उतरंड पहिल्याच पानावर उलटी झालेली आहे.

यावर एक आक्षेप आम्हाला दिसतो, आणि तो हलका नाही. पुस्तक लाखो मुलांसाठी असतं. प्रथम भाषा इंग्रजी असलेल्या कित्येक मुलांच्या घरी इंग्रजी बोललंच जात नाही. घरी मराठी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी. अशा मुलाला पहिल्या दिवशी दडपण येऊ नये, सोप्याने सुरुवात व्हावी, हे म्हणणं बरोबरच आहे. पण सोपं आणि बंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेंचोची गोष्टही सोपीच आहे की. आणि खुद्द कुमारभारतीतच, १.५ वर, लिअम ओफ्लाहर्टी यांची ‘हिज फर्स्ट फ्लाइट’ आहे. सीबीएसईच्या पुस्तकातही ती आहेच. उडायला घाबरणारं सीगलचं पिल्लू, कड्यावर एकटं. घरचे सगळे समोर उडून दाखवतात, टोमणे मारतात. आई चोचीत मासा धरून जवळ येते आणि मध्येच थांबते. भूक भीतीपेक्षा मोठी होते आणि पिल्लू झेपावतं. ही आई निष्ठुर की शहाणी? दहावीच्या वर्षी ज्याच्या घरचा टीव्ही बंद केला आहे, त्या प्रत्येक मुलाला यावर मत असेल. (हशा) हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर, खाड्यांवर हे पक्षी येतात, आपण त्यांना कुरव म्हणतो. म्हणजे सोपी, ओळखीची आणि मोकळी सुरुवात त्याच पुस्तकात चार पाठ पुढे पडून आहे. फक्त क्रम बदलायचा होता.

पण दोष सगळा पुस्तकाचा नाही. पहिल्या दिवसाचं खरं नुकसान शाळेबाहेर आधीच झालेलं असतं. नववीची परीक्षा संपते आणि एप्रिलमध्ये दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा पहिला पाठ ‘झालेला’ असतो. वहीत उत्तरं उतरवलेली असतात. शिक्षिका कविता वाचू लागतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘मिस, इट्स डन.’ आता ज्या कवितेत मोकळं काही नव्हतंच, ती दोनदा बंद झाली.

त्यात ‘अप्रिसिएशन’ची भर. स्टेट बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचं रसग्रहण विचारतात. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा मुद्द्यांनी. आम्हाला ही कल्पना मुळात फार आवडते. राज्य सरकार पंधरा वर्षांच्या मुलाला सांगतं की समीक्षा लिही! एवढा मान समीक्षेला दुसरीकडे कुठे मिळतो? पण त्या मुद्द्यांची क्लासमध्ये चौकट होते. यमकरचना, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, लिहून टाक. कल्पना, दोन ओळी, पाठ कर. ‘कविता का आवडली’ याचंही उत्तर फळ्यावरून उतरवून घेतलेलं असतं. चाळीस मुलांना एकच ओळ आवडते, आणि एकाच कारणासाठी! सीबीएसईवाल्यांनी फार खूश व्हायचं कारण नाही. तिथे लेंचोच्या धड्याखाली ‘यात आयरनी काय’ असा छान प्रश्न आहे, आणि मुलं आयरनीची व्याख्या पाठ करतात.

बोलण्याचं तर विचारूच नका. नवी पुस्तकं आली त्याच २०१८-१९ या वर्षी स्टेट बोर्डाने भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण बंद केले. २०१८ साली ८९.४१ टक्के लागलेला दहावीचा निकाल २०१९ ला ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. चर्चा झाली ती मुख्यतः टक्क्यांची, अकरावीच्या प्रवेशाची. ती महत्त्वाचीच होती, मुलांचे प्रवेश अडतात. पण ते २० गुण म्हणजे मुलाने वर्गात तोंड उघडून काहीतरी स्वतःचं म्हणायचं, ही मूळ गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. गुण परत आले, बोलणं परत आलं का, हे प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला विचारून बघावं.

प्रार्थनेबद्दल शेवटची एक गोष्ट. आपल्या परंपरेत मोठं मागणं पहिल्या पानावर येत नाही. पसायदान ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांचं काम पुरं झाल्यावर ज्ञानदेव मागतात, आणि मागतात ते साऱ्या जगासाठी. सुरुवातीला असतं ते नमन, आणि लगेच अर्जुनाची अडचण. ग्रंथ सुरू होतो तो गोंधळलेल्या माणसाच्या प्रश्नाने. शिकवायची सुरुवात कशी करावी, याचा नमुना आपल्याकडे १२९० सालापासून आहे.

मग करायचं काय? आम्ही पुस्तक मंडळावर नाही. पण पहिल्या आठवड्यात कुठलं पान कसं उघडायचं, यात शिक्षकाला थोडा तरी वाव असतो. शाळेच्या नियोजनात १.१ च आधी असेल तर १.१ घ्या. पण त्याच्या शेजारी लेंचोचं पत्र ठेवा. ही सगळी पुस्तकं बालभारतीच्या आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. दोन्ही वाचा आणि एकच प्रश्न विचारा, ‘यातलं कोण देवाशी खरं बोलतंय, आणि कशावरून?’ उत्तर आधी मराठीत येऊ द्या, हिंदीत येऊ द्या, मग त्याचं इंग्रजी करा. ते इंग्रजी मोडकं असेल, पण त्या मुलाचं असेल. रसग्रहणाची चौकट दिवाळीनंतर शिकवली तरी मार्चपर्यंत पुरते.

आणि पालकांसाठी तर आणखी सोपं आहे. तुमच्या मजल्यावरच्या तीन मुलांना एका रविवारी एकत्र बसवा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचायचं. प्रथम भाषावाल्याने टागोर, मराठी माध्यमवाल्याने लेंचो, सीबीएसईवाल्याने ती किशोराची प्रार्थना. मग भांडू द्या. दोन रस्त्यांवर भांडतील, तीस पेसोंवर भांडतील. तुम्ही चहा करा आणि मध्ये पडू नका.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या दहावीच्या मुलांनी आधी विचारावं, मोठ्यांनी नंतर.